सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही

जुन्या गाड्यांच्या कामात मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. पॉइंटवाली (उघडमीट करून ठिणगी पाडणारे छोटे स्विच म्हणजे पॉइंट), कार्ब्युरेटरची (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग), चार सिलिंडरची गाडी. सेल्फ मारला की इंजिन छान फिरायचं, पण पकडायचं नाही. त्या दिवशी मी कार्ब्युरेटर तीनदा उघडला. जेट फुंकली, फ्लोट हलवून पाहिला, बाऊल (पेट्रोल साठणारी वाटी) पुसून लखलखीत केला. का? तर मला कार्ब्युरेटर उघडता येत होता म्हणून. दोष तिकडेच आहे याचा पुरावा काहीच नव्हता.

नवे लोक बहुतेक हेच करतात, जे जमतं ते आधी खोलतात. कोणी प्लग बदलतं, कोणी डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) फिरवून बघतं. हे दुसरं तर करूच नका. काल चाललेल्या गाडीचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) रात्रीतून सहसा हलत नाही. तुम्ही हलवलंत की एका दोषाचे दोन होतात.

आधी एवढंच ठरवा: पेट्रोल येत नाही, की करंट येत नाही?

पेट्रोलचं लगेच कळतं. एअर फिल्टर काढा, इग्निशन बंद ठेवा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. आत बारीक धार उडाली तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे. काही कार्ब्युरेटरना हा छोटा पंपच नसतो, तिथे बाऊलचं झाकण उघडून बघावं लागतं. वासही घ्या. बरेच महिने पडून राहिलेल्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो. ते दिसतं, पण पेटत नाही. प्लग काढल्यावर ओलाचिंब निघाला तर ओव्हरफ्लो झालंय. चोक उघडा, पेडल तळापर्यंत दाबून तसंच धरा (पंप करत बसू नका) आणि सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग नको, मोटर तापते.

करंटसाठी प्लग काढून त्याच्या वायरीला लावा, बॉडी इंजिनच्या धातूला नीट टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका. मी एकदा धरली होती, पुन्हा धरली नाही. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग नकोच. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर सेल्फ चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज बघा. 9.6 च्या खाली जात असेल तर सगळा करंट सेल्फ खातोय आणि कॉइल (बॅटरीच्या करंटचा दाब ठिणगीपुरता वाढवणारी) उपाशी राहतेय. गंमत म्हणजे 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आलेला इलेक्ट्रिक सेल्फ आणि ही कॉइल-पॉइंटची पद्धत, दोन्हींच्या मागे चार्ल्स केटरिंग हा एकच माणूस!

माझ्या गाडीत ठिणगीच नव्हती. हे मला कळलं चौथ्या तासाला.

आता टेस्ट लॅम्प. एक टोक कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इग्निशन चालू करून सेल्फ मारला की दिवा लुकलुकायला हवा, कारण पॉइंट उघडले की तो लागतो, मिटले की विझतो. सतत जळत राहिला तर पॉइंट जोडतच नाहीत: गॅप जास्त झालीय, किंवा तोंडावर काट चढलाय. पॉलिश पेपरचा हलका हात मारा आणि फिलर गेजने गॅप लावा. बऱ्याच गाड्यांत ती 0.4 मिलिमीटरच्या आसपास असते, पण आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

माझा दिवा लागलाच नाही. कॉइलच्या आत जाणाऱ्या टर्मिनलवर करंट होता, बाहेर येणाऱ्यावर नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट हाताने उघडून धरले, तरी दिवा बंद. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर शॉर्ट असेल म्हणून त्याची वायर सोडली. तरी बंद. मग डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायरच कॉइलवरून काढली, आणि दिवा लागला. म्हणजे कॉइल ठीक, करंट डिस्ट्रिब्युटरच्या आत बॉडीला जातोय. टॉर्च लावून वाकून बघितलं. पॉइंटच्या स्प्रिंगखाली फायबरचा एक वॉशर असतो, नखाएवढा. तो वायरीच्या खाली असायला हवा होता, वर बसला होता. आदल्या आठवड्यात पॉइंट नवे टाकले होते. टाकणारा मीच.

म्हणून आता गाडी आली की मी आधी विचारतो, शेवटचं काम काय केलं होतं? प्लगच्या वायरी काढल्या होत्या, असं उत्तर आलं तर फायरिंग ऑर्डर (कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्रमाने ठिणगी) तपासतो. सेल्फवर पकडते आणि चावी सोडताच बंद पडते, असं कोणी सांगितलं तर बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी ठेवणारा भाग) आधी बघतो. तो असलेल्या गाडीत सेल्फच्या वेळी करंट त्याला वळसा घालून जातो, म्हणून तो तुटला तरी तेवढ्यापुरतं इंजिन पेटतं.

वॉशर जागेवर बसवला, दिवा लुकलुकला. तरी गाडी लगेच काही लागली नाही. तीनदा रिकामा केलेला बाऊल भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागलं.