पावसाळ्याआधी धुराडं खरवडा

खानापूरकडच्या पावसात सरपण ओलं राहतं आणि न्हाणीतल्या चुलीचं धुराडं डांबरासारख्या चिकट काजळीनं भरतं. हेच क्रिओसोट. धूर साधारण 120 अंश सेल्सिअसखाली थंडावला की त्यातली वाफ आतल्या अंगाला धरते. हा थर पेट घेतो, आणि कौलांखाली वासे लाकडीच! म्हणून लाकडं उन्हाळ्यातच फोडून, वारा लागेल अशी रचा. ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा. दोन ढलप्या आपटल्यावर खणखणीत वाजल्या की वाळल्या समजा. धुमसत ठेवण्यापेक्षा थोडा पण भडक जाळ बरा. काजूची टरफलं तर नकोतच, त्यांत तेल असतं. मिरगाआधी, चूल थंड असताना तारेच्या ब्रशनं धुराडं खरवडा. थर 3 मिलिमीटर झाला असेल तर तोवर चूल पेटवूच नका.