पहिली स्टाफ नर्सची नोकरी: आधी ड्युटी चार्ट मागा, मग पगार विचारा

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हातात आली, की मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातात किती येणार? त्याआधी मागच्या महिन्याचा ड्युटी चार्ट बघायला मागा. पगाराचा आकडा फुगवून सांगता येतो, चार्ट सहसा खोटं बोलत नाही.

तो तपासायला एक माप तयार आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ मध्ये परिचारिकांसाठी १४९ क्रमांकाचा करार आणि सोबत १५७ क्रमांकाची शिफारस मंजूर केली. भारताने हा करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्यावर बोट ठेवून रुग्णालयाला कोर्टात खेचता येणार नाही. पण शिफारशीतले आकडे नेमके आहेत. रोजचं काम सलग आणि ८ तासांच्या आत. आणीबाणी सोडली तर ओव्हरटाइम धरूनही १२ तासांच्या वर नाही. दोन ड्युट्यांमध्ये सलग १२ तास विश्रांती. आठवड्याची सुट्टी शक्यतो ४८ तास, ३६ च्या खाली कधीच नाही. वर्षाला किमान ४ आठवडे भरपगारी रजा.

आता हे आपल्याकडच्या नेहमीच्या चार्टवर लावून बघा: सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८. दिवसाच्या पाळ्या सहा-सहा तासांच्या, म्हणून सोप्या वाटतात. नाइटमध्ये मात्र १२ तास वॉर्डातच भरतात आणि ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देऊन बाहेर पडेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. दुपारनंतर लगेच सकाळ लावली तर कागदावर मध्ये बरोबर १२ तास दिसतात. संध्याकाळी एखादी अ‍ॅडमिशन आली, ओव्हर लांबला, की ते दहा-अकरावर येतात आणि प्रवास त्यातूनच जातो.

सगळ्यात मोठी गोम ऑफमध्ये असते. रविवारी सकाळी ८ ला नाइट सुटली, चार्टवर रविवारी ऑफ, सोमवारी सकाळी ८ ला पुन्हा हजर. ही सुट्टी २४ तासांची आणि तिचा अर्धा भाग झोपेत गेलेला. ३६ तास भरायचे तर सोमवारी रात्री ८ च्या आधी ड्युटी लागता कामा नये. म्हणून मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाला, सरळ विचारा, ‘नाइटनंतरचा झोपेचा दिवस ऑफमध्ये धरता का?’ उत्तर ‘बघू, अ‍ॅडजस्ट करतो’ असं आलं तर धरतात, असं समजून चाला.

हे दर वेळी मेट्रनच्या स्वभावामुळे होत नाही. चार्टवरची नावं मोजा, कारण तिथेच सापडेल. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ खाटांमागे १ परिचारिका आणि वर ३० टक्के रजा-राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या जागी. म्हणजे ३० खाटांना १० अधिक ३, एकूण १३. त्या वॉर्डात सात-आठच नावं असतील तर कुणी आजारी पडलं की डबल ड्युटी कुणाला तरी लागणारच, आणि नवीन माणसाला ती आधी लागते. विद्यार्थिनींची नावं भरून आकडा पुरा केलेला असेल तर तो धरू नका. १५७ नंबरची शिफारस स्पष्ट सांगते की विद्यार्थ्यांचं वॉर्डातलं काम शिकण्यापुरतं असावं, मनुष्यबळाची तूट भरायला नव्हे.

पगाराचं मापही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी पायऱ्या सुचवल्या: २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, १०० च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, ५० च्या आत किमान २०,००० रुपये. सातव्या वेतन आयोगात महाराष्ट्र सरकारच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. नुसतं तेच धरलं तरी १० टक्के कमी म्हणजे ३१,८६० आणि २५ टक्के कमी म्हणजे २६,५५०. या शिफारशी आहेत, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. तरी बोलणी करताना खाटांची संख्या माहीत असलेली बरी.

नेमणूकपत्रात दोन गोष्टी शोधा. रुग्णालयाचा पीएफचा वाटा तुमच्याच ‘पगारात’ मोजलेला आहे का? आणि तुम्ही कर्मचारी आहात की ‘व्यावसायिक शुल्क’ घेणारे? दुसऱ्या प्रकारात १० टक्के टीडीएस कापून पैसे मिळतात आणि पीएफ, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा यांवरचा हक्क वादात जातो. दोन हजार जास्त मिळतात म्हणून यावर सही करणं महागात पडतं.

युनिफॉर्म १५७ क्रमांकाच्या शिफारशीप्रमाणे फुकट मिळायला हवा. त्याचे पैसे पहिल्या पगारातून कापणार का, तेही विचारून घ्या. हिपॅटायटिस बी च्या तीन मात्रा (०, १ आणि ६ महिने) कोण देणार? शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात का? सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस चालतात. ती रात्री दोन वाजता कुठे आणि कुणाच्या सहीने मिळतात, हे पहिल्या नाइटच्या आधी इन्चार्ज सिस्टरकडून माहीत करून घ्या.

बाँडच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराच्या) नावाखाली मूळ मार्कशीट आणि नोंदणी प्रमाणपत्र मागितलं, तर साक्षांकित प्रती द्या. मूळ कागद दाखवायचे आणि त्याच टेबलावरून परत घ्यायचे.