कुत्र्याला घेऊन वेल्सच्या डोंगरात दोघांचा वीकेंड: या चुका टाळा

मार्च उजाडला की आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी गोतावळ्यातून मला फोन सुरू होतात. "लग्नाचा वाढदिवस आहे, वेल्सला कॉटेज घेतोय, कुत्र्यालाही नेतोय, काही टिप्स?" टिप्स मन लावून ऐकतात, आणि जे करू नका म्हटलं तेच करून येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. आमचा मोती, ३१ किलोचा लॅब्रॅडॉर, सहा वर्षांत अकरा वेळा तिकडे जाऊन आलाय. खालच्या बहुतेक चुका त्याच्या आणि आमच्याच नावावर आहेत.

"आमचा काही करत नाही हो"

हे वाक्य मीही म्हणायचे. एका एप्रिलमध्ये आम्ही वेल्समधल्या रायडर गावाजवळच्या एलान खोऱ्यात होतो. तिथली धरणं बर्मिंगहॅमसाठी बांधली, १९०४ पासून पाणी ११८ किलोमीटर नुसत्या उतारावरून शहरात येतं. त्यामुळे नवऱ्याचं तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "आलो आपल्या नळाच्या माहेरी."

ऊन छान होतं. मोती त्या बटण दाबून लांब होणाऱ्या लीशवर. नवऱ्याला माझा फोटो काढायचा होता, म्हणून त्याने लीशची मूठ दोन बोटांत धरली. मोतीने झटका दिला, मूठ निसटली आणि दगडांवर खडखडत त्याच्या मागे येऊ लागली. तो बिचारा त्या आवाजाला घाबरून पळत होता. पण हे मेंढ्यांना कोण सांगणार? तीसेक मेंढ्या एकदम उधळल्या आणि उतारावरून थेट खालच्या कुंपणावर जाऊन आदळल्या.

क्वाड बाइकवरून शेतकरी आला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने शांतपणे दाखवलं: अंगावर निळे आकडे रंगवलेल्या मेंढ्या व्यायलेल्या, तोच आकडा तिच्या कोकरांवर. आकडा नसलेल्या अजून गाभण. त्यातल्या दोन कुंपणाला टेकून धापा टाकत होत्या. त्याने आमचा नंबर घेतला. तीन दिवसांनी फोन आला, एक गाभडली. आम्ही पैसे भरले. मोतीने तिला स्पर्शही केला नव्हता.

म्हणून कायदा सांगते, कारण "गावाकडे कोण बघतंय" म्हणणारे बरेच भेटतात. शेतात मेंढ्या असताना कुत्रा लीशशिवाय आणि ताब्याबाहेर असणं, एवढ्यानेच १९५३ च्या कायद्याखाली गुन्हा होतो, चावायची गरज नाही. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला थांबवायला दुसरा इलाज नसेल आणि शेतकऱ्याने गोळी घातली, तर १९७१ चा कायदा शेतकऱ्याला संरक्षण देतो. त्याने ४८ तासांत पोलिसांना कळवलं की झालं. मोकळ्या डोंगरांवर, म्हणजे नकाशात ज्याला ॲक्सेस लँड म्हणतात तिथे, १ मार्च ते ३१ जुलै लीश सक्तीची. तीही न लांबणारी आणि जास्तीत जास्त दोन मीटरची. गुरंमेंढरं जवळ असतील तर वर्षभर. फाटकावर "कून आर देनिन" असं काहीसं लिहिलेलं दिसलं की समजा, कुत्रे लीशवर. ते वेल्श भाषेत आहे म्हणून ते तुमच्यासाठी नाही असं होत नाही.

माझी सवय: दीड मीटरची साधी लीश, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली. हात मोकळे, फोटो काढा, हात धरा, काय हवं ते करा. ती बटणवाली लीश मी कोणाला भेटही देणार नाही.

गाई अंगावर आल्या तर मात्र लीश सोडा

होय, आत्ताच उलटं सांगितलं. वासरं असलेल्या गाई कुत्र्याला बघून चालून येतात, त्यांचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रा पळून सुटतो, तुम्ही नाही. लीश सोडा आणि सरळ फाटकाकडे चला. त्याहून बरं म्हणजे वासरं दिसली की लांबून वळसा घाला. वळसा घालायचा कंटाळा करणारे लोक मला कळत नाहीत. फिरायलाच आलाय ना?

"डॉग फ्रेंडली" वाचून पुढचं न वाचणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. या दोन शब्दांना मालकागणिक वेगळा अर्थ असतो. कुठे कुत्र्याला वरच्या मजल्यावर बंदी, कुठे सोफ्यावर. आणि जवळपास सगळीकडे एक ओळ असते: कुत्र्याला कॉटेजमध्ये एकटं ठेवू नये.

ही ओळ आम्ही लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला वाचली, संध्याकाळी सहा वाजता, फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर. सातला आठ मैलांवर टेबल बुक होतं. जेवणाच्या खोलीत कुत्रा चालत नव्हता, बारच्या बाजूला चालत होता, आणि बारमध्ये शनिवारी उभं राहायलाही जागा नव्हती. मी पैठणी नेसलेली, नवरा ब्लेझरमध्ये, मागच्या सीटवर मोती, आणि गाडीत बसून चिप्स. काचा वाफेने धुरकट. हल्ली आम्ही हे हसून सांगतो. त्या दिवशी हसलो नव्हतो.

बागेचंही तसंच. "बंदिस्त बाग" म्हणजे बरेचदा मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून रचलेली दगडी भिंत. मोती ती चहा ओतून होईपर्यंत ओलांडतो. मी आता बुक करण्याआधी मालकाला फोन करते. ईमेल नाही, फोन. विचारते: सर्वांत बुटक्या जागी कुंपण किती उंच? तासभर एकटा राहिला तर चालेल का? शेजारच्या शेतात आत्ता काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला लोक खूश होऊन दहा मिनिटं बोलतात.

दोन दिवसांत सगळं वेल्स

नकाशावर बोटभर दिसतं म्हणून एलान आणि उत्तर वेल्समधलं बेदगेलर्ट गाव एकाच वीकेंडला करू नका. दोन तासांच्या आसपासचा वळणावळणाचा रस्ता आहे आणि मागची सीट धुवायला लागते. बेदगेलर्टला सगळ्यांना गेलर्ट या दंतकथेतल्या कुत्र्याच्या थडग्याशी आपल्या कुत्र्याचा फोटो हवा असतो. राजपुत्र लेवेलिन घरी येतो, कुत्र्याच्या तोंडाला रक्त बघतो, बाळाला मारलं समजून त्याला ठार करतो, मग मेलेला लांडगा आणि सुखरूप बाळ सापडतं. ओळखीची वाटली? आपल्या ब्राह्मण आणि मुंगसाचीच गोष्ट. ते थडगंही अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका हॉटेलवाल्याने धंद्यासाठी रचलं असं मानतात. गाव सुंदर आहे, जरूर जा, पण वेगळ्या वीकेंडला.

उरलेलं झटपट

कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या बऱ्याच कुत्र्यांना चढता येत नाहीत. ३१ किलो उचलायची तयारी नसेल तर फाटकं असलेली वाट निवडा.

गोचिडी: रोज संध्याकाळी कान, काख, बोटांच्या फटी. नवऱ्याच्याही पोटऱ्या.

फोनला बरेचदा रेंज नसते, कागदी नकाशा घ्या. मदतीचे एसएमएस ९९९ ला जातात, पण आधी घरीच "रजिस्टर" असा मेसेज ९९९ ला पाठवून नोंदणी करावी लागते.

पेन अ व्हॅन हे शिखर ८८६ मीटरच आहे म्हणून स्नीकर्सवर निघू नका. सिंहगडाशी तुलना तर नकोच.

जुनी चादर सोफ्यासाठी, चार जुने टॉवेल. तीन पुरत नाहीत.

आणि रात्री अकराची कुत्र्याची शेवटची फेरी एकट्या नवऱ्यावर ढकलू नका. एलान अधिकृत डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे तारे दिसावेत म्हणून दिव्यांचा उजेड कमी ठेवलेला भाग, आणि आम्ही दोघांनी आकाशगंगा नीट पाहिली ती मोती झुडुपाशी रेंगाळला म्हणून. टॉर्च बंद करून दहा मिनिटं थांबलो. मग परत लावला तर भिंतीपलीकडे हिरवट डोळ्यांची रांग चमकली. मेंढ्याच होत्या. मोती माझ्या पायामागे लपला.