दानाची भिशी: गावासाठी एकत्र देणं कसं सुरू करावं?

देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी द्यायची सवय कोकणात घरोघरी आहे. 'गिव्हिंग सर्कल' हे त्याच्या पुढचं पाऊल. काही जणांनी मिळून रक्कम बाजूला काढायची आणि ती कुठे द्यायची हे सगळ्यांनी बसून ठरवायचं. भिशीच ही, फक्त दरवेळी नंबर परक्याचा लागतो.

आधी दहा-पंधरा माणसं जमवा, थोडी गावातली, थोडी चाकरमानी. रक्कम सगळ्यात कमी मिळकत असलेल्याला झेपेल तीच ठरवा. महिन्याला ५०० रुपये म्हटले तरी बारा जणांचे वर्षाला ७२,००० होतात. कुणाला जास्त द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण मत प्रत्येकाला एकच. हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. नाहीतर मोठी रक्कम देणारा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. बैठक गणपतीत किंवा शिमग्याला ठेवा, तेव्हा सगळे गावीच असतात.

पैसे एकाच्या खात्यात गोळा करू नका, याबाबत मी ठाम आहे. प्रत्येकाने आपले पैसे आपल्याकडे साठवावेत आणि निर्णय झाला की थेट संस्थेच्या खात्यात भरावेत. हिशेबावरून मनं दुखावत नाहीत, शिवाय पावती ज्याच्या-त्याच्या नावाने मिळते. संस्थेकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर वजावटही मिळते, मात्र २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. बाहेरच्या लोकांकडून वर्गणी काढायची झाली तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीची चौकशी करा.

आता खरं काम, संस्था निवडणं. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती हे अंध मुलांचं निवासी विद्यालय आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखली. किंवा आपल्याच वाडीची विहीर घ्या. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दोन-तीन नावं काढा आणि प्रत्येक ठिकाणी दोघांनी तरी जाऊन या. नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल बघायला मागा. मग विचारा, "तुम्हाला काय हवंय?" वह्या आणि खाऊ द्यायला पुष्कळजण येतात. शिक्षकाचा पगार, वीजबिल, गाडीचं डिझेल यांना देणारे थोडे. माझं मत विचाराल तर पैसे तिथेच द्या.

जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणकडे मदतीचा ओघ लागला होता. अशी मदत लवकर आटते, दुकानं आणि घरं उभी राहायला मात्र खूप वेळ लागतो. म्हणून एका कामाला निदान तीन वर्षं धरून राहा.

यात देणाऱ्यालाही खूप मिळतं. एकट्याने देताना पावती आली की विषय संपतो. इथे बारावीतली मुलगी अहवालातल्या खर्चाबद्दल प्रश्न विचारते, निवृत्त गुरुजी तिला ताळेबंद वाचायला शिकवतात, आणि एरवी सणापुरतेच भेटणारे चाकरमानी आणि गावकरी एका कामात गुंततात. वर्षाअखेरी संस्थेच्या माणसाला बैठकीला बोलवा, काय जमलं आणि काय अडलं ते ऐका, मग पुढच्या वर्षीचं मतदान घ्या.