युरोपातलं इन्शुरन्स रेग्युलेशन : या फील्डमधे नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेल्या वर्षभरात पुण्यातल्या चार-पाच मुलामुलींनी मला साधारण एकच प्रश्न विचारला, की स्टॅट्समधे एमएस्सी झालंय, ॲक्च्युअरीचे (विम्यातल्या जोखमीचं गणित करणाऱ्यांच्या परीक्षेचे) दोन-तीन पेपर निघालेत, आता युरोपात सॉल्व्हन्सी टू मधे, म्हणजे विमा कंपन्यांकडे किती भांडवल हवं ते सांगणाऱ्या तिकडच्या कायद्याच्या कामात, जॉब मिळेल का आणि त्यासाठी नेमकं शिकायचं काय. प्रत्येकाशी फोनवर तास-दीड तास बोलले, शेवटी म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. मी डब्लिनमधे असते, काम रिपोर्टिंग आणि रिस्कच्या बाजूचं, त्याआधी पुण्यात बसून इथल्याच एका कंपनीचे रिपोर्ट भरायचे. त्यामुळे हे सगळं आयर्लंडमधून दिसतं तसं आहे, जर्मनी-फ्रान्सवाल्यांचा अनुभव थोडा वेगळा असणार.

आधी घरचं सांगते कारण त्याचा संबंध आहे. आमच्या घरात विमा म्हणजे एलआयसी. अण्णा सांगलीला एजंट होते, रविवारी सकाळी प्रपोजल फॉर्मची बॅग घेऊन स्कूटरवर निघायचे ते जेवायच्या वेळेला परत. एलआयसीच्या पॉलिसीला कायद्यानेच केंद्र सरकारची हमी आहे, त्यामुळे विमा कंपनी बुडू शकते हा विचार आमच्याकडे कुणाच्या मनात कधी आलाच नाही. मी पहिल्यांदा युरोपातल्या रेग्युलेशनचं काम सांगायला लागले तेव्हा अण्णांनी विचारलं, "पण मग तिकडं कंपनी बुडाली तर लोकांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मी सॉल्व्हन्सी टू चे टेम्प्लेट दोन वर्षं भरत होते, आणि तरी.

उत्तर मला सेटान्टा नावाच्या कंपनीची केस वाचताना मिळालं, आणि या फील्डमधे येणाऱ्या प्रत्येकाने ही केस वाचावीच असं माझं ठाम मत आहे. सेटान्टा रजिस्टर झालेली माल्टात, पण धंदा सगळा आयर्लंडमधे, गाड्यांच्या विम्याचा. युरोपियन युनियनमधे एका देशात लायसन्स मिळालं की बाकी सगळ्या देशांत पॉलिसी विकता येते, आणि कंपनीची आर्थिक तब्येत बघायची मुख्य जबाबदारी जिथलं लायसन्स त्या देशाच्या रेग्युलेटरची. म्हणजे गाड्या डब्लिन-कॉर्कच्या रस्त्यांवर आणि कंपनीच्या भांडवलावर लक्ष माल्टातून. एप्रिल २०१४ मधे कंपनी लिक्विडेशनमधे गेली, म्हणजे बंद करून देणी फेडायला काढली, आणि साधारण ७५,००० लोकांना दुसरीकडे नवा विमा शोधत धावावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना आधीच अपघातात लागलं होतं त्यांच्या क्लेमचे पैसे कोण देणार यावर वर्षानुवर्षं कोर्टात भांडण चाललं, हायकोर्ट आणि अपील कोर्ट म्हणालं की मोटर विमा कंपन्यांच्या ब्युरोने द्यायचे, २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. मग उरला सरकारी नुकसानभरपाई फंड, तो ६५ टक्क्यांपर्यंतच पैसे द्यायचा, शेवटी २०१८ मधे कायदा बदलावा लागला. आणि त्या फंडात पैसा येतो कुठून, तर सगळ्यांच्या प्रीमियमवरच्या लेव्हीतून, म्हणजे जादा आकारातून. २०१० मधे क्विन इन्शुरन्स ही इथली दुसरी कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली, त्यानंतर २०१२ पासून जीवनविमा-आरोग्यविमा सोडून बाकीच्या पॉलिसींवर २ टक्के लेव्ही सुरू झाली. एका कंपनीचा खड्डा दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनी भरायचा. अण्णांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे डोक्यात पक्कं असलं की सॉल्व्हन्सी टू कोरडं वाटत नाही. हा कायदा २००९ चा पण लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून. गाभा असा की कंपनीकडे इतकं भांडवल पाहिजे की पुढच्या एका वर्षात २०० वर्षांतून एकदा यावं असं वाईट वर्ष आलं तरी ती ग्राहकांचे पैसे देऊ शकेल, म्हणजे ९९.५ टक्के खात्री. त्या भांडवलाला एससीआर म्हणतात. त्याच्या खाली अजून एक रेघ आहे, एमसीआर, अगदी किमान भांडवलाची. एससीआर मोडला तर दोन महिन्यांत सुधारणेचा प्लॅन द्यायचा आणि साधारण सहा महिन्यांत परत वर यायचं, एमसीआर मोडला तर प्लॅनला एकच महिना आणि वर यायला तीन महिने, नाही जमलं तर लायसन्स जातं. इंटरव्ह्यूत नव्या मुलांना एससीआरचा फॉर्म्युला येतो पण ही शिडी येत नाही, आणि सुपरव्हिजन म्हणजे खरं तर ही शिडीच आहे, कंपनी बुडायच्या खूप आधी कुणीतरी दार वाजवावं यासाठी बांधलेली.

फॉर्म्युल्याचं एकच उदाहरण देते कारण मला स्वतःला ते कागदावर करून बघितल्यावरच कळलं होतं. समजा मार्केट रिस्कसाठी (शेअर-रोख्यांचे भाव पडले तर) १०० भांडवल आलं आणि लाइफ रिस्कसाठी (आयुर्मानाचे वगैरे अंदाज चुकले तर) १००. बेरीज २०० नाही होत. दोन्ही संकटं एकाच वर्षी पूर्ण ताकदीने यायची शक्यता कमी म्हणून स्टँडर्ड फॉर्म्युल्यात त्या दोघांमधलं कोरिलेशन ०.२५ धरलंय. दोन्हीचे वर्ग मिळवा, त्यात २ × ०.२५ × १०० × १०० टाका, वर्गमूळ काढा, उत्तर येतं १५८. ते ४२ कुठे गेले? ते डायव्हर्सिफिकेशन, म्हणजे वेगवेगळ्या रिस्क एकत्र असल्याचा फायदा. आता स्वतःला विचारा की २००८ सारखं वर्ष आलं तर हे ०.२५ टिकेल का. हा प्रश्न पडला की समजा की तुम्ही या फील्डमधे शिरलात.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडून आलेल्या सगळ्यांनाच, मी पण त्यात आले, सुरुवातीला एकच अडचण येते, आपण नियम शोधत बसतो. आपल्याकडे विमा रेग्युलेटर आयआरडीएआयचा सॉल्व्हन्सी रेशो (हातातलं भांडवल भागिले लागणारं भांडवल) किमान १५० टक्के, तो बराचसा ठरलेल्या फॅक्टरवर काढलेला, गुंतवणूक कशात किती टक्के करायची तेही लिहिलेलं, सरकारी रोख्यात इतके, बाकी इतके. इथे गुंतवणुकीची अशी यादी नाही. इथे प्रुडंट पर्सन प्रिन्सिपल आहे, म्हणजे शहाणा जबाबदार माणूस करेल तशी गुंतवणूक करा आणि तुम्ही असं का केलंत ते आम्हाला समजावून सांगा. ओर्सा पण तसाच, कंपनीने स्वतःच्या रिस्कचा स्वतः केलेला हिशोब, त्याला ठरलेला फॉर्म नाही. पहिल्या वर्षी मी सारखं विचारायचे की हे कुठे लिहिलंय, आणि माझी मॅनेजर म्हणायची, आधी सांग तुला काय वाटतं आणि का.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते एका चुकीतून. तिमाही आणि वार्षिक रिपोर्टिंगमधे एस.०६.०२ नावाचा टेम्प्लेट असतो, कंपनीकडच्या एकूण एक गुंतवणुकीची यादी, आणि प्रत्येक ओळीला चार अक्षरी सीआयसी कोड. पहिली दोन अक्षरं देशाची, तिसरं प्रकार, १ म्हणजे सरकारी रोखा, २ म्हणजे कंपनीचा. एका रेल्वे कंपनीचा रोखा होता, कंपनी सरकारी मालकीची, नावात देशाचं नाव, डेटा व्हेंडरकडून कोड १ आला आणि मी तसाच जाऊ दिला. त्याचा परिणाम असा की युरोपातल्या सरकारांच्या त्यांच्याच चलनातल्या रोख्यांवर स्टँडर्ड फॉर्म्युल्यात स्प्रेड रिस्क (रोखा काढणाऱ्याची पत घसरून भाव पडायची रिस्क) शून्य, म्हणजे त्या रोख्यासाठी जे भांडवल बाजूला ठेवायला हवं होतं ते ठेवलंच गेलं नाही. तीन-चार आठवड्यांनी सुपरव्हायजरकडून एका ओळीचा प्रश्न आला, या रोख्याला सरकारची हमी कोणत्या स्वरूपाची आहे ते कळवा. मी उत्तर लिहायला घेतलं की व्हेंडरने असा कोड दिला आहे. मॅनेजरने ते वाचून फक्त विचारलं, "प्रॉस्पेक्टस उघडलंस का?" रोख्याच्या अटींचं ते मूळ माहितीपत्रक मी नव्हतं उघडलं. त्या दिवशी संध्याकाळी दोनशेच्या वर पानं चाळली. सरकार मालक आहे असं होतं, पाठिंब्याबद्दल बरंच काही होतं, पण बिनशर्त, पूर्ण रकमेची, मागे न घेता येणारी हमी कुठेच नव्हती. मालकी आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एलआयसीवाल्या घरातल्या मुलीला तरी कळायला हवं होतं, आपल्याकडे ती हमी कायद्यात वेगळी लिहिलेली आहेच की. रिपोर्ट दुरुस्त करून परत सबमिट केला. रेशो अर्ध्या टक्क्यानेही हलला नाही, पण तेव्हापासून एकही कोड मी मूळ कागद न बघता सोडत नाही.

म्हणून शिकायचं काय यावर माझं उत्तर, डायरेक्टिव्हपासून, म्हणजे मूळ कायद्यापासून, सुरू करू नका, झोप येईल. एसएफसीआर पासून, म्हणजे कंपनीच्या भांडवल आणि आर्थिक स्थितीच्या रिपोर्टपासून करा. प्रत्येक विमा कंपनीला हा रिपोर्ट दरवर्षी आपल्या वेबसाइटवर टाकावाच लागतो, फुकट आहे, आणि सगळ्यांची रचना सारखी, ए ते ई असे पाच भाग. एक आयर्लंडची आणि एक जर्मनीची कंपनी घ्या, आधी शेवटचा ई भाग वाचा ज्यात भांडवल आणि एससीआर आहे, मग सी मधे रिस्क, मग डी मधे मूल्यांकन. मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि रेशो का बदलला ते एका पानात साध्या भाषेत लिहा. पाच-सहा कंपन्यांचं असं केलंत तर तुमची तयारी बऱ्याच उमेदवारांच्या पुढे जाईल, कारण या कामात निम्मा वेळ लिहिण्यात जातो आणि आपली मुलं गणितात पक्की असतात पण लिहायला घाबरतात. अडेल तिथे २०१५/३५ नंबरचं डेलिगेटेड रेग्युलेशन (कायद्याखालचे तपशीलवार नियम) उघडा, शेअरवरचा ३९ टक्क्यांचा शॉक, म्हणजे भाव तितके पडतील असं धरणं, वगैरे सगळे आकडे त्यात आहेत.

संस्था ओळखून घ्या. ईआयओपीए ही युरोपियन युनियनची विमा-पेन्शनवरची संस्था, फ्रँकफर्टमधे, २०११ पासून, पण ती सगळ्या देशांच्या रेग्युलेटरना एका ओळीत आणायचं काम करते, रोजची देखरेख देशाचा रेग्युलेटरच करतो. जर्मनीत बाफिन, आणि त्यांचं विम्याचं काम बॉनमधे. नेदरलँड्समधे भांडवल बघणारी संस्था वेगळी आणि ग्राहकांशी वागणूक बघणारी वेगळी. आयर्लंडमधे दोन्ही सेंट्रल बँकेकडे. लिफी नदीच्या काठावर तिची मोठी इमारत आहे, ती मुळात अँग्लो आयरिश बँकेच्या हेडऑफिससाठी बांधायला घेतली होती, बँक कोसळली, सांगाडा कित्येक वर्षं तसाच उभा होता, २०१७ मधे सेंट्रल बँक तिथे राहायला आली. मी रोज तिथून चालत जाते आणि दर वेळी ते आठवतंच.

नोकऱ्यांचं थोडक्यात. ईआयओपीएमधे साधारणपणे ईयू नागरिकत्व लागतं, त्यामुळे तो रस्ता सुरुवातीला धरू नका. जर्मनीत रेग्युलेटरीचं काम करायचं तर जर्मन चांगलं पाहिजे, नुसती बी१ (मधली) पातळी पुरत नाही. इंग्रजीवर भागवायचं तर डब्लिन सगळ्यात सोपं, क्रिटिकल स्किल्स परमिटच्या यादीत ॲक्च्युअरी आहेत, आणि इथे मास्टर्स केलं तर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंतचा स्टॅम्प, म्हणजे राहायचा परवाना, मिळतो. मास्टर्सची फी मोठी आहे, कर्ज काढून येणार असाल तर पेपर किती निघालेत ते आधी बघा. दुसरा रस्ता माझा, पुण्यातल्या युरोपियन कंपन्यांच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काढायची, काम शिकायचं आणि मग अर्ज करायचा, मला हा जास्त सुरक्षित वाटतो. आयटीवाल्यांनी पण लक्ष द्या, डोरा नावाचं रेग्युलेशन १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालंय, विमा कंपन्या-बँका यांच्या सिस्टिम बंद पडल्या किंवा हॅक झाल्या तर काय याचं, आणि रिस्क समजणारे आयटीवाले शोधून सापडत नाहीत. आणि सॉल्व्हन्सी टू चे सुधारित नियम ३० जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचेत, म्हणजे आत्ता शिकणाऱ्याने ते सुरुवातीपासूनच वाचले तर जुन्या लोकांच्या बरोबरीने उभं राहता येईल.

कामाच्या वेळेबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तिमाही रिपोर्ट पाच आठवड्यांत, वार्षिक चौदा आठवड्यांत, म्हणजे एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. पाडवा दर वर्षी याच गडबडीत येतो. गेली काही वर्षं मी गुढी आदल्या रात्री तयार करून ठेवते, सकाळी सहाला बाल्कनीत उभारते, सव्वासातला लॅपटॉपसमोर. मार्चमधे लग्नकार्याला भारतात यायचं कुणाला कबूल करू नका, मे महिना द्या.

आणि इंटरव्ह्यूसाठी घरी एक सराव करा. रेशो १८० वरून १६५ वर आला, बोर्डातल्या विमा न कळणाऱ्या माणसाला तीन वाक्यांत कारण सांगा. मी हा सराव अण्णांवर करायचे, व्हिडिओ कॉलवर. त्यांनी "म्हणजे लोकांचे पैसे सेफ आहेत ना?" असं विचारलं की मी पहिल्यापासून परत सांगायचे, कारण ते पहिल्याच वाक्यात यायला हवं होतं.