बॉनेटवर व्हेंट असलेली स्पोर्ट्स कार घरी कशी धुवावी

बॉनेटवर हवेसाठी उघडी तोंडे ठेवलेली स्पोर्ट्स कार धुणे हे इतर गाड्या धुण्यापेक्षा फार निराळे काम नाही. निराळी असते ती त्या तोंडांभोवतीची हातभर जागा. त्या जागेची समज नसली की दोन टोकांच्या चुका होतात. काही मालक पाणी इंजिनात जाईल या धास्तीने बॉनेट महिनोन्महिने कोरड्या फडक्याने पुसत राहतात आणि रंगावर ओरखड्यांचे जाळे पाडून घेतात, तर काही जण प्रेशर वॉशरचा झोत सरळ व्हेंटच्या जाळीत मारतात. पाणी कोणत्या वाटेने आत जाते आणि आत गेल्यावर कुठे साचते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतले तर या दोन्ही चुका टळतात.

म्हणून पहिल्या धुलाईपूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक व्हेंटच्या बरोबर खाली काय आहे ते पाहावे. साधारण तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार गरम हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटचा. 2018 पासूनच्या फोर्ड मस्टँग जीटीच्या बॉनेटवर असे दोन व्हेंट आहेत. गाडी वेगात असताना रेडिएटरमधून आलेली तापलेली हवा इंजिनाच्या कप्प्यात कोंडते, तर बॉनेटच्या पुढच्या भागावरून वाहणाऱ्या हवेचा दाब त्या मानाने कमी असतो. या फरकामुळे आतली हवा व्हेंटमधून वर खेचली जाते, इंजिनाला थंडावा मिळतो आणि गाडीचे नाक उचलले जाण्याची प्रवृत्तीही कमी होते. दुसरा प्रकार हवा आत घेणाऱ्या स्कूपचा. सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये आणि 2006 पर्यंतच्या मिनी कूपर एसमध्ये स्कूपच्या खालीच इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी दाबलेली हवा थंड करणारा भाग, बसवलेला असतो. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणाऱ्या पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचा स्कूपही याच कामासाठी आहे, त्यामुळे ही रचना अगदी अनोळखी नाही. तिसरा प्रकार निव्वळ शोभेचा असून त्याच्या मागे बंद प्लास्टिक असते. कूपर एसच्या पुढच्या पिढीत स्कूपचा आकार राहिला, पण इंटरकूलर गाडीच्या पुढच्या भागात गेला आणि स्कूप केवळ दिखाव्यापुरता उरला.

नुसते पाहून उलगडा होत नसेल, तर एक साधी चाचणी करता येते. बॉनेट बंद करून थंड गाडीच्या व्हेंटवर तांब्याभर स्वच्छ पाणी हळूहळू ओतावे, दोन मिनिटे थांबावे आणि बॉनेट उघडून ओल कुठे उतरली ते पाहावे. काही गाड्यांमध्ये व्हेंटच्या खाली पन्हळीसारखा ट्रे असतो, जो पाणी झेलून बाजूला सोडतो. 2020 च्या मस्टँग शेल्बी जीटी 500 च्या बॉनेटवरचा व्हेंट 31 इंच बाय 28 इंच इतका मोठा आहे, आणि त्याच्याखाली काढता येणारा अ‍ॅल्युमिनियमचा पावसाळी ट्रे दिलेला आहे. ट्रॅकवर जाताना ज्यांनी असा ट्रे काढून ठेवला असेल, त्यांनी गाडी धुण्याआधी तो आठवणीने परत बसवावा.

पावसात ही गाडी चालते, मग धुताना एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. पावसाचे पाणी वरून पडते आणि निर्मात्याने ते गृहीत धरलेले असते. ठरलेल्या उतारावरून ते खाली निघून जाते. घरगुती प्रेशर वॉशरचा झोत मात्र 100 ते 130 बारच्या आसपास दाबाचा असतो आणि आपण तो हव्या त्या कोनातून, हव्या तितक्या जवळून मारू शकतो. विजेच्या जोडण्यांवर आयपी 67 असा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असला तरी पाण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ ती जोडणी 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटे तग धरते एवढाच आहे. जवळून मारलेल्या जोरदार झोताची चाचणी वेगळी असते आणि तिचा दर्जाही वेगळा असतो. मस्टँगच्या 5.0 लिटर व्ही 8 इंजिनात आठ स्पार्क प्लग सिलिंडर हेडच्या मधोमध खोल विहिरींसारख्या पोकळ्यांत बसवलेले असून प्रत्येकावर ठिणगीसाठी वीज पुरवणारी स्वतंत्र कॉइल असते. अशा विहिरीत झोताने पाणी घुसले तर ते सहज बाहेर पडत नाही.

या साऱ्यातून हाती येणारा सर्वांत उपयोगी नियम उभे राहण्याच्या दिशेचा आहे. गरम हवा सोडणाऱ्या व्हेंटच्या पट्ट्या बहुधा काचेकडे तोंड करून असतात, त्यामुळे काचेच्या बाजूने पुढे मारलेले पाणी थेट आत जाते, तर गाडीच्या नाकापाशी उभे राहून काचेकडे मारलेले पाणी पट्ट्यांवरून घसरून जाते. स्कूपच्या बाबतीत हे नेमके उलटे आहे: त्याचे तोंड पुढे असते, म्हणून तिथे आरशाच्या बाजूला उभे राहून पुढच्या दिशेने पाणी सोडावे. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर 40 अंशांचा पांढरा नोझल लावावा, बॉनेटपासून किमान एक मीटर लांब राहावे आणि व्हेंटच्या वीतभर अलीकडे झोत थांबवावा. इंटरकूलरच्या पत्र्याच्या पाकळ्या अतिशय नाजूक असतात आणि जवळच्या झोताने त्या दुमडतात. तिथे अडकलेले किडे व धूळ साध्या नळीच्या मंद पाण्याने काढणे चांगले. माझे मत विचाराल तर बॉनेटपुरती साधी नळी आणि बादली यांना पर्याय नाही, आणि अशा धुलाईत व्हेंट झाकण्याचीही गरज पडत नाही.

फोमचा फवारा किंवा प्रेशर वॉशर वापरणार असाल तर मात्र व्हेंट झाकावेत. धुळीने माखलेल्या रंगावर टेप दाबली तर तीच धूळ रंगावर घासली जाते, म्हणून आधी व्हेंटभोवतीची दोन बोटे रुंद कड शाम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने हलकेच पुसून कोरडी करावी आणि मग जाड प्लास्टिकचा तुकडा मास्किंग टेपने चिकटवावा. खोक्यांची तपकिरी पॅकिंग टेप वापरू नये, कारण उन्हात तिचा डिंक रंगावर राहतो. काही जण प्लास्टिक बॉनेटच्या आत, इंजिनावर पसरतात. तसे केले तर एक पट्टी स्टिअरिंगवरही आडवी चिकटवावी, म्हणजे आतले प्लास्टिक काढल्याशिवाय इंजिन सुरू करण्याची चूक होणार नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर विसरलेले प्लास्टिक वितळते आणि आगही लागू शकते.

गाडी धुण्याची वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यानंतरची निवडावी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीला किमान तासभर विश्रांती द्यावी. तापलेल्या बॉनेटवर शाम्पू क्षणात वाळून डाग पडतात आणि तापलेल्या ब्रेक डिस्कवर एकदम गार पाणी पडणे डिस्कसाठी वाईट असते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते वाळले की पांढरे ठिपके उमटतात आणि गडद रंगावर ते फार खुपतात. असे पाणी वापरावेच लागत असेल तर गाडीचा एक-एक भाग धुऊन लगेच पुसत जावे.

सुरुवात चाकांपासून करावी, कारण सर्वांत खरखरीत घाण तिथे असते. चाकांची बादली आणि कापड स्वतंत्र ठेवावे. मग संपूर्ण गाडीवर नुसते पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली सरळ रेषेत फिरवावा आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात पिळून मगच पुन्हा शाम्पूत घालावा. भांडी घासण्याचा साबण वॅक्स उतरवतो, म्हणून तो वापरू नये. सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांनाही नम्रपणे सांगून ठेवावे की ही गाडी एका बादलीतल्या त्याच फडक्याने पुसू नका. त्यांच्या मेहनतीत काही कमी नसते, पण दहा गाड्यांची माती त्या फडक्यात असते.

व्हेंटच्या पट्ट्या शेवटी आणि हातानेच स्वच्छ कराव्यात. मऊ केसांचा छोटा ब्रश शाम्पूत बुडवून झटकावा, पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवावा आणि फेस नळीने न धुता ओल्या कापडाने टिपून घ्यावा. पट्ट्या रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकच्या असतील तर त्यांच्यावर वॅक्स लागू देऊ नये, कारण ते खाचांत वाळून पांढरे दिसते आणि सहज निघत नाही.

वाळवण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि व्हेंटच्या गाडीत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मोठा मायक्रोफायबर टॉवेल न घासता पसरून ओढावा. मग व्हेंटचे प्लास्टिक काढून ब्लोअरने खाचांतले पाणी वरच्या वर उडवावे, आतल्या दिशेने ढकलू नये. बॉनेट उघडून इंजिनाच्या कव्हरवर, कॉइलच्या आसपास आणि बॉनेटच्या आतल्या दुमडलेल्या कडांत साचलेले पाणी टिपून घ्यावे. मस्टँग आणि निसान जीटी-आर यांची बॉनेट अ‍ॅल्युमिनियमची असतात; त्यांना लोखंडासारखा तांबडा गंज चढत नसला तरी कडेच्या दुमडीत ओल राहिल्यास रंगाखाली फोड येऊ शकतात. शेवटी इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे उरलेला दमटपणा उष्णतेने उडून जातो. खाचांत दडलेले थेंब थोड्या वेळाने ओघळतातच. ते पुसायला एक कोरडे कापड जवळ ठेवावे.

इंजिन सुरू केल्यावर ते थरथरू लागले आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर बहुधा एखाद्या प्लगच्या विहिरीत पाणी गेलेले असते. माझ्या गाडीच्या बाबतीत हे एकदा एका वॉशिंग सेंटरवर घडले आणि 'थोडी पळवा, आपोआप वाळेल' असा सल्ला मिळाला. तो सल्ला मानू नये. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होऊ शकतो. इंजिन लगेच बंद करावे, थंड झाल्यावर कॉइल काढून विहिरीतले पाणी हवेच्या दाबाने बाहेर काढावे आणि सारे वाळल्यावरच कॉइल पुन्हा बसवावी. पाणी काढण्याआधी प्लग सोडवला तर तेच पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते, हे मेकॅनिकलाही आवर्जून सांगावे.

गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. त्याची बारीक पाने कोणत्याही जाळीतून आत जातात, ट्रेच्या आणि काचेखालच्या कप्प्याच्या पाणी जाण्याच्या भोकांत त्यांचा बोळा होतो, आणि मग पुढच्या धुलाईत पाणी भलतीकडे वळते. म्हणून महिन्यातून एकदा ही भोके हाताने साफ करावीत. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करताना झेंडूचा हार व्हेंटपासून दूर, नाकाकडच्या जाळीवर बांधावा आणि हळदकुंकू काचेखालच्या रुंद भागावर लावावे. तरीही पाकळ्या आत पडल्याच तर पहिली फेरी मारण्यापूर्वी बॉनेट उघडून त्या एक-एक करून वेचून काढाव्यात.