अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे मुख्य प्रशिक्षक कसे व्हाल?

सुरुवात कॉलेजातच करा. संघात जागा मिळाली नाही तर विद्यार्थी व्यवस्थापक व्हा. चेंडू, टॉवेल, व्हिडिओ सांभाळता सांभाळता सरावाची आखणी आतून दिसते. मग ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेता घेता प्रशिक्षकांना मदत करणारा), पुढे सहायक प्रशिक्षक. ब्रॅड स्टीव्हन्स २००० साली बटलर विद्यापीठात स्वयंसेवक म्हणून आले, २००७ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१० व २०११ मध्ये संघाला राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. इतकी झटपट बढती मात्र विरळाच.

सहायक असताना नवे खेळाडू हेरून संघात आणण्याचे काम मागून घ्या. अनेकांचे इथेच अडते: डावपेच तोंडपाठ, पण खेळाडूच्या आईवडिलांचा विश्वास जिंकता येत नाही. आता कॉलेज बदलणेही सोपे झाल्याने जुने खेळाडू टिकवणे तितकेच महत्त्वाचे.

मुख्य पद मिळाले की घड्याळ सांभाळा. एनसीएए (कॉलेज खेळांचे नियमन करणारी संघटना) हिच्या वरच्या श्रेणीत हंगामात खेळाडूंच्या सराव-सामन्यांना आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस सक्तीची सुटी अशी मर्यादा असते. व्यायाम आणि सामन्यांचे व्हिडिओ पाहणेही त्यातच मोजतात. नवे प्रशिक्षक नेमके हेच विसरतात आणि नियमभंगात सापडतात. म्हणून प्रत्येक सराव मिनिटांनुसार कागदावर मांडा, नोंदी रोजच्या रोज ठेवा.